सिस्टरबाईंना त्रास नको

मुलीला बघायला आलेले पाहुणे हॉलमध्ये बसले होते. नवरा भाजीची पिशवी घेऊन दारातून आत आला आणि मी चहाचा ट्रे हातात धरून त्याला विचारलं, "आज मोशन झालं का?"

त्याने पिशवी खाली ठेवली. मग शांतपणे म्हणाला, "झालं. तापही नाही."

पाहुण्यांनी चहा संपवला, पोह्यांचं कौतुक केलं आणि नंतर त्यांचा फोन आला नाही. मुलीला तो मुलगा पसंत नव्हताच, त्यामुळे घरात ही गोष्ट माझा पराक्रम म्हणून जमा झाली. मीही हसले. आपलं काहीतरी बिघडलंय असं तेव्हा मला वाटलं नाही. वाटायला वेळ लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता.

मी नर्स आहे. नगरमधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात हाडांचा वॉर्ड आहे, त्यातल्या बायकांच्या वॉर्डाची मी इन्चार्ज. करोना सरला तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता जरा टेकायला मिळेल. झालं उलटच. एक सिस्टर आखातात गेली, दोघी पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलांत गेल्या, आणि एक बाळंतपणाच्या रजेवर गेली तिने तिथूनच शहाणपणाने राजीनामा पाठवला. त्यांच्या जागा भरायची जाहिरात निघणार होती. ती निघेपर्यंत डबल ड्युटी. जाहिरात बहुधा पायी निघाली असावी.

मी कामात कुठे चुकत नव्हते. इंजेक्शन वेळेवर, ड्रेसिंग वेळेवर, चादरी स्वच्छ. फक्त माणसं दिसेनाशी झाली होती. मला खुबे दिसायचे, मनगटं दिसायची, गुडघे दिसायचे. माळीवाड्याच्या स्टँडवर एकदा एक बाई ओळख दाखवून बोलायला लागली. चेहरा काही केल्या आठवेना. तिने पदर सरकवून खांद्यावरचे टाके दाखवले तशी मी लगेच म्हणाले, "हां, खिडकीजवळच्या तुम्ही." ती बिचारी खूश झाली. मीही खूश, की बघा, माझी स्मरणशक्ती अजून शाबूत आहे.

बोलणंही आखडलं होतं. वॉर्डात मी एका शब्दात बोलायची. हात. कूस. गोळी. पूर्ण वाक्य मी डॉक्टरांसाठी राखून ठेवायची आणि घरी पोचेपर्यंत तेही उरायचं नाही.

व्यवस्थापनाला आमची काळजी होती. त्यांनी आमच्यासाठी तणावमुक्तीचं व्याख्यान ठेवलं, जेवणाच्या सुट्टीत. वक्ते म्हणाले, डोळे मिटा आणि समुद्रकिनारा आठवा. मी जन्मभर नगरची, समुद्र पाहिला तो शाळेच्या सहलीत आणि तोही भरतीच्या वेळी, लांबून. डोळे मिटले ते मिटलेच. टाळ्यांनी जाग आली. वक्ते माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगत होते, "बघा, या मॅडमना पहिल्याच प्रयत्नात जमलं."

आणि याच काळात माझा वॉर्ड हॉस्पिटलातला सर्वांत शांत वॉर्ड ठरला.

हे खरं होतं. पुरुषांच्या वॉर्डात दिवसभर "सिस्टर, सिस्टर" असा धोशा चालायचा. कुणाची सलाईनची बाटली संपलेली, कुणाला भांडं हवं, कुणाचा मोबाईल पलंगाखाली पडला. आमच्याकडे चिडीचूप. पाहणीला आलेल्या लोकांनी मेट्रनसमोर माझं नाव घेऊन कौतुक केलं. मेट्रननी मला नवीन मुलींशी बोलायला सांगितलं. मी बोललेही. शिस्त कशी लावावी, नातेवाइकांना पहिल्याच दिवशी कसं ताकीद देऊन ठेवावं, नजरेचा वापर कसा करावा, असं सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. नजरेवर तर मी चांगली पाच-दहा मिनिटं बोलले. मुली लिहून घेत होत्या. ते कागद आता कुठे असतील ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

वॉर्ड का शांत होता, ते आता सांगते.

आमच्या टेबलाला लागून पहिला पलंग आहे. तिथे मी मुद्दाम अक्कांना ठेवलं होतं. अक्का नेवाशाकडच्या, सत्तरीच्या पुढच्या, घरच्या शेतीत बारमाही राबलेल्या. गोठ्यात घसरून खुबा मोडला होता. शुगर आणि छाती दोन्ही तक्रारीच्या, म्हणून ऑपरेशन लांबत होतं आणि तोवर पायाला दोरी बांधून, दोरीला वजन लटकवून त्या पडून होत्या. अंग हलवायचं नाही, पण तोंडाला कुणी वजन बांधलेलं नव्हतं. त्यांच्यावर लक्ष राहावं म्हणून मी त्यांना टेबलाशी घेतलं. त्यांनी त्या जागेवरून माझ्यावर लक्ष ठेवलं.

आमच्याकडे घंटा नाहीत. म्हणजे आहेत, भिंतीवर बटणं आहेत, पण ती दाबली तर काही वाजत नाही. पेशंटला काही हवं असेल तर सोबतचं माणूस उठून टेबलापर्यंत येतं. आणि टेबलापर्यंत यायचं तर अक्कांच्या पलंगाजवळूनच यावं लागतं.

मी वॉर्डात दुसरीकडे असले, की तिथे काय चालायचं ते मला पुढे कळलं. कुणी उठून आलं, की अक्का हात आडवा करायच्या.

"काय पायजे?"

"सिस्टरला बोलवायचंय. बाटली संपत आली."

"मंग चाकी फिरव अन् बंद कर. कालच दावलं ना तुला? तेवढ्यासाटी बाईला पळवती का?"

एकीला त्यांनी बाटल्यांवर नेमलं होतं. एक धिप्पाड सून होती, तिच्याकडे भांडी देण्याचं काम, स्वतःच्या सासूला आणि शेजारच्या दोघींनाही. आपली गोळी उरली असेल तर ती अक्कांकडे जमा करायची. आम्ही गोळ्या पेशंटच्या हातात ठेवून पुढे जात होतो. त्यांच्यासमोर उभं राहून पाणी पाजायला तेवढं मनुष्यबळ नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमची तेवढी उमेदही नव्हती. दुखणं कमी असलं की बायका ती गोळी मागे ठेवायच्या. अक्कांच्या उशीखाली चुन्याच्या डबीत दुखण्याच्या गोळ्यांचा साठा होता. माझ्या वॉर्डात दुसरा दवाखाना चालला होता आणि त्याचं काम माझ्यापेक्षा बरं चाललं होतं. मी मात्र माझी नजर कामाला येतेय म्हणून समाधानी होते.

मग ती हातवाली बाई आली.

सुप्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरची, चाळिशीच्या आतबाहेरची. गाईला पाणी पाजायला नेताना दावं उजव्या मनगटाला गुंडाळलेलं, तेवढ्यात गाय बुजली आणि हिला ओढत घेऊन गेली. हाताची दोन्ही हाडं मोडली. संध्याकाळी हात बसवून प्लास्टर घातलं आणि सूज वाढते का ते बघायला ठेवून घेतलं. सोबत तिची जाऊ होती. घरच्या गाईंचं दूध हीच काढायची. नवऱ्याच्या एमआयडीसीतल्या नोकरीचा भरवसा नव्हता, कंत्राट कधी असे, कधी नसे. घर दुधावर चालायचं. हे सगळं तिने मला आल्या आल्या सांगितलं होतं, कारण तेव्हा ती अजून अक्कांच्या कारभारात आली नव्हती.

ताज्या प्लास्टरमध्ये एकच धास्ती असते. आत हात सुजतो, बाहेर प्लास्टर काही सैल होत नाही, आणि मधल्या मध्ये रक्त तुंबतं. वेळेत कळलं तर कात्रीचं काम. नाही कळलं तर हात जन्माचा वाकडा होऊन बसतो. म्हणून बोटं बघायची. गरम आहेत का, हलतात का, रंग कसा आहे, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दुखतं किती. पेशंट विव्हळला तर आपण चिडतो, पण त्याचं विव्हळणं हीच आमची खरी घंटा असते. ही वाजते.

सकाळी मी तिच्या पलंगाशी गेले. हात उशीवर उंच ठेवलेला, वर चादर.

"त्रास?" मी विचारलं.

"न्हाई."

"बोटं?"

तिने चादरीच्या टोकातून बोटं थोडी हलवली. मी तोवर पुढच्या पलंगाशी पोचले होते. मला ती हालचाल दिसली ती वळून बघताना, आणि मी मान डोलावली.

दुपारी मी डबा उघडायच्या बेतात होते. हात धुवायला बेसिनकडे निघाले तर जाऊ तिला भात भरवत होती. ती बाई माझ्याकडे बघून हसली.

मी तिथेच थांबले. माझ्याकडे बघून त्या वॉर्डात कुणी हसत नसे. बऱ्या होऊन घरी जाणाऱ्या हसायच्या, त्याही दारातून बाहेर पडल्यावर. कालच दोन हाडं मोडलेली बाई माझ्याकडे बघून हसते म्हणजे काहीतरी लपवतेय. नीट पाहिलं तर वर पंखा चालू असताना तिच्या कपाळावर घाम होता आणि घास तोंडात तसाच होता.

मी चादर उचलली. बोटं छोट्या वांग्यांसारखी झाली होती, रंगही त्याच वळणावर गेलेला. हात लावला तर गार. मी तिचं मधलं बोट धरून हलकेच सरळ केलं आणि ती किंचाळली. सकाळपासून साठवलेलं सगळं त्यात निघालं. पुरुषांच्या वॉर्डातून कुणीतरी बघायला आलं.

डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. थिएटरमध्ये फोन लावला, तिथल्या सिस्टरने तो त्यांच्या कानाला धरला. मी पूर्ण वाक्यात बोलले.

"कापा," ते म्हणाले. "लांबीभर. खालचा कापूसही कातडीपर्यंत कापा, एक धागा ठेवू नका. मी येतोच."

प्लास्टर कापणारा माणूस जेवायला गेला होता. कात्री माझ्याकडे होती आणि मनगटात जोर होता. तिची जाऊ एका बाजूने कोपर धरून रडत होती.

"रडायचं असेल तर रडा, पण कोपर हलवू नका," मी तिला सांगितलं. तिने दोन्ही गोष्टी नीट केल्या.

प्लास्टर उघडून बाजूला केलं तसा हात आत दाबून बसवलेल्या कणकेसारखा वर आला. आम्ही सगळे बोटांकडे बघत बसलो. सावकाश अंगठ्यात रंग आला. मग पहिल्या बोटात. शेवटच्या दोघांना घाई नव्हती. डॉक्टर आले, त्यांनी हात चेपून पाहिला आणि म्हणाले, "थोडा वेळ बघू. नाही उतरलं तर उघडावा लागेल." म्हणजे थिएटरमध्ये नेऊन कातडीखालून हात मोकळा करावा लागेल. करंगळी आणि शेजारचं बोट तिला अजून आपलं वाटत नव्हतं. मी टाचणीने टोचत होते आणि ती म्हणत होती, "तितं काय कळंना, सिस्टर." डावा हात तिने पोटाशी धरला होता आणि त्याची मूठ उघडत-मिटत होती. ती दूध काढल्याची हालचाल होती. एका हाताने जमेल का, याचा अंदाज घेत असावी.

बोटं टोचून टोचून बघण्याच्या मध्ये मी तिला विचारलं, "सकाळी का नाही सांगितलं?"

तिने जावेकडे पाहिलं. जावेने मान वळवली. सगळ्या वॉर्डाचे डोळे टेबलाशेजारच्या पलंगाकडे. मी वळले.

"अक्का?"

"मीच म्हणलं तिला, जरा थांब," अक्का म्हणाल्या. "पयल्या दिशी प्लास्टर दुखतंच की. गोळी दिली हुती मी."

"कुठली गोळी?"

तेव्हा चुन्याची डबी बाहेर आली. मी ती उघडून पाहिली. चांगल्या प्रतीच्या गोळ्या होत्या. त्यांनीच दुखणं एवढं दाबून ठेवलं होतं, की ती बाई हसू शकत होती.

"पण मला का नाही बोलवायचं? मी कशाला आहे इथे?"

"तुमाला तरास नको म्हून."

"मी ओरडते म्हणून?"

"तुमी वरडता त्याचं काय न्हाई हो, सिस्टरबाई. वरडनाऱ्या बायका आमी लई बघितल्या. माजी सासू काय कमी हुती का?" अक्कांनी दोरीचा पाय सांभाळत मान थोडी उचलली. "त्या दिशी तुमी इतं टेबलाशी हुबं ऱ्हाऊन झोपल्या. हातात सुई हुती. झोपल्या त्या झोपल्याच. मी बघत हुते, आता पडत्यात का मंग पडत्यात. मंग मी सगळ्यास्नी सांगितलं, बाई अर्दी ऱ्हायली हाय. हिला उगं उगं हाका मारू नगा. मरायला टेकलं तरच बोलवा."

धिप्पाड सून म्हणाली, "आमी डब्यातली भाकर पन ठिवत हुतो तुमच्यासाटी. पन तुमी कदी बघितलंच न्हाई."

मला घाबरून वॉर्ड शांत असता, तर मी ते पचवलं असतं. मुलींसमोर नजरेवर बोलले होते, ते निदान खरं तरी ठरलं असतं. पण इथे खुबे मोडलेल्या, गुडघे फुटलेल्या, शुगर-बीपीच्या बायकांनी एकमताने ठरवलं होतं, की या वॉर्डातली सर्वांत आजारी बाई कपाटाच्या किल्ल्या घेऊन फिरते आणि तिला जपलं पाहिजे. त्या माझी शुश्रूषा करत होत्या. आणि ती इतकी चोख होती की तिच्यापायी एकीचा हात जात होता.

मी अक्कांवर चिडायचा प्रयत्न केला. "असं पुन्हा करायचं नाही," एवढंच निघालं.

"न्हाई करत," त्या म्हणाल्या. "पन तुमी पन झोपा जरा."

हात उघडावा लागला नाही. संध्याकाळपर्यंत सूज उतरायला लागली. करंगळीला टोचल्यावर तिने हात मागे ओढला आणि जाऊ हसायला लागली. डॉक्टर म्हणाले, करंगळीकडचा जोर किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही.

मी तशीच मेट्रनकडे गेले. म्हटलं, एक तर मला रजा द्या आणि डबल ड्युटी बंद करा, नाहीतर वॉर्डातले पलंग कमी करा. तुमचा सर्वांत शांत वॉर्ड आज एका बाईचा हात घालवणार होता.

मेट्रन म्हणाल्या, "तुमच्यासारखी खंबीर बाई असं म्हणायला लागली तर बाकीच्या मुलींनी काय करायचं?"

"खंबीर बाई उभ्या उभ्या झोपते," मी म्हणाले. "हातात सुई धरून. साक्षीदार आणू का? पायाला वजन बांधलंय, पलंगासकट आणावं लागेल."

त्यांनी मला आठवडाभराची रजा दिली आणि पुरुषांच्या वॉर्डातली एक मुलगी आमच्याकडे टाकली. म्हणजे आता तिकडे एक कमी झाली. जाहिरात अजून वाटेतच होती. मी काही हॉस्पिटल सुधारलं नाही.

रजेत झोपले. नवरा मधूनमधून येऊन नाकाखाली बोट धरून बघायचा, असं मुलीने सांगितलं. उठल्यावर मी कामाची यादी मनात घेऊन बसले आणि त्यातलं एकही केलं नाही. भांडी घासताना रडू आलं. कशाचं ते कळलं नाही, म्हणून नळ मोठा केला आणि भांडी संपवली.

परत आले तेव्हा गोळ्या समोर गिळायला लावायचं ठरवून टाकलं. अक्कांची डबी जप्त झालीच होती. नवी आली, तिच्यात खरंच चुना होता, पण तीही मी काढून घेतली. अक्का म्हणाल्या, यापेक्षा तुम्ही दमलेल्या होतात तेच बरं होतं. पुढे त्यांचं ऑपरेशन झालं आणि त्या वॉकर धरून, वाटेतल्या प्रत्येक पलंगाशी सूचना देत घरी गेल्या.

हातवाली बाई प्लास्टर निघाल्यावर ओपीडीत आली. त्या दिवशी तिथे माझी नेमणूक होती आणि मागे रांग दारापर्यंत. मी तिच्या हातात माझी दोन बोटं दिली आणि म्हटलं, "दाबा."

तिने दाबली. अंगठ्याकडून जोर चांगला होता. करंगळीकडून नुसता स्पर्श.

"दूध काढून पाहिलं?"

"बघितलं की. धार बारीक येती. पन येती. गाय मागं वळून बघती, म्हनती ही कोन बसली." हात मात्र तिने काढून घेतला नाही. "अन् सिस्टर, हितं दुखतं. मनगटात. रातचं लई दुखतं. अन् थंडीत ही दोन बोटं बधिर पडत्यात. अन् खांदा पन भरून येतो, त्यो ह्याच्यामुळंच का दुसरं काय?"

मी खुर्ची पुढे ओढली आणि तिला बसायला सांगितलं. तिने मनगटाचं सांगितलं, खांद्याचं सांगितलं, मग गुडघ्याचं सुरू केलं, ज्याचा गाईशी काही संबंध नव्हता. मागे रांगेतून कुणीतरी खाकरलं. मी मध्येच एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तिने मला बघताना बघितलं, आणि ती बोलत राहिली.